ड्रायव्हरच्या उंचीतली घट

रविवार, फेब्रुवारी १९९६चा दुसरा. सकाळी नऊ. पलसाणा, मिलचं मागचं आवार, बॉयलरच्या पलीकडे.
हजर: शेठ. शेठचे ड्रायव्हर, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. फिटर. फोल्डिंग खात्यातले मापारी काका. मी.
गैरहजर: गाडीचं छप्पर.

वहीतली नोंद अशीच आहे. शेवटची ओळ मी विनोद म्हणून लिहिलेली नाही. हजेरी घेताना जे असायला हवं आणि नाही, तेही लिहायचं, ही माझी जुनी सवय. या सवयीमुळे घरी माझ्यासोबत भाजी आणायला कुणी येत नाही, पण मिलमध्ये तिचा उपयोग होता.

सुरतजवळच्या, कापड रंगवायच्या त्या डाइंग मिलमध्ये स्टोअर आणि मेंटेनन्स ही दोन्ही खाती माझ्याकडे होती. राहायला भेस्तानला, गाव धुळ्याकडचं. मिलमध्ये बॉयलरपासून बल्बपर्यंत काहीही सुरू करायचं तर आधी माझ्या वहीत त्यापुढे बरोबरची खूण लागत असे. हा नियम शेठनीच घातला होता. एकदा कुणीतरी न विचारता मशीन चालू केलं आणि गुलाबी माल जांभळा होऊन बाहेर आला, तेव्हापासून. म्हणजे नियमामागे काळजी गुलाबी रंगाची होती, माणसांची नव्हती. पण नियम एकदा झाला की तो माणसांनाही लावता येतो, हे मी मनात धरून होतो.

गाडी शेठनी सौराष्ट्रातल्या एका जुन्या संस्थानी घराण्याकडून घेतली होती. परदेशी, लाल, दोन माणसांची, वयानं तीस-पस्तीस वर्षांची. दारं इतकी बुटकी की ती उघडण्यापेक्षा ओलांडणं सोपं. समोरची काच वीतभर उंच आणि तिची चौकट माझ्या शाईच्या पेनाएवढी जाड. कॅनव्हासचं टप होतं, ते उंदरांनी खाल्लं होतं. उरलेलं शेठनी काढून फेकायला लावलं.

"छत तो रिक्षा को भी होता है," ते म्हणाले.

आमच्या जावयांनी, म्हणजे बहिणीच्या यजमानांनी, ती दोन दिवस चालवत सुरतला आणली आणि पहिल्याच दिवशी मी तिची यादी केली. चौदा कलमं. ब्रेक, टायर, पेट्रोलचा पाइप, हॉर्न वगैरे. नवव्या कलमात दोनच शब्द होते: उलटली तर?

शेठनी यादी वाचली आणि नवव्यावर बोट ठेवलं. "भाऊ, गाडी हमने चलाने को ली है. उलटने को नहीं."

"बॉयलर तरी फुटायला कुठे घेतलाय शेठ? त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह आहेच ना."

"बॉयलर में बैठ के मैं डुमस के दरिया पे जाता हूँ क्या?"

टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. मी एक पेढा वाटीत ठेवला आणि एक चहाच्या बशीत. वाटी टेबलावर उपडी केली, बशीही केली, दोन्हींवर तळहातानं दाबलं, आणि उचलून दाखवलं. वाटीतला पेढा जसाच्या तसा होता. बशीतल्याची चटणी झाली होती.

"वाटी म्हणजे आपली ॲम्बेसेडर," मी म्हणालो. "छत आहे, खांब आहेत. बशी म्हणजे ही. उलटली की जमिनीला आधी लागणार ते डोकं. गाडीत त्याहून उंच दुसरं काहीच नाही."

शेठनी वाटीतला पेढा खाल्ला. मग चपट्या पेढ्याकडे बघून विचारलं, "ये कौन है?"

"ड्रायव्हर."

"अच्छा."

"आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताला आणखी एक पेढा बसतो, शेठ."

त्यांनी बशी हातानं लांब सरकवली. रविवारची मीटिंग त्यातून ठरली.

मीटिंगचा विषय एकच होता: दोन्ही सीटांच्या मागे एक लोखंडी कमान बसवायची. गाडी उलटीपालटी झाली तर तिचा भार कमानीनं आणि पुढच्या भागानं उचलायचा, आतली डोकी मधल्या पोकळीत राहायची. पंधरा मिनिटांचं काम होतं. दोन तास चाललं, कारण शेठच्या अटी होत्या. कमान चमकली पाहिजे. गरजेपेक्षा एक इंचही उंच नको, नाहीतर गाडी हातगाडीसारखी दिसेल. आणि वरच्या बाजूला मरून मखमल लावायची.

"मखमल कशाला?" फिटरनी विचारलं.

"डोकं आपटलं तर लागू नये म्हणून," आमचे जावई म्हणाले.

"वो भी," शेठ म्हणाले. म्हणजे मूळ कारण वेगळं होतं.

फिटर भुसावळकडचे. वडील रेल्वेत होते, हे पोटापाण्यासाठी सुरतला आलेले. भेस्तानात दर चौदा एप्रिलला रस्त्यावर जी कमान उभी राहते ती यांच्या हातची. असल्या वीसेक कमानी त्यांनी उभ्या केल्या असतील, पण उलटी करून एकही पाहिली नव्हती. मी तसं म्हटलं तर त्यांना राग आला. "माझ्या कमानीखालून ट्रक गेलेत," ते म्हणाले. मी म्हटलं, "इथे ट्रक वरून जाण्याचा प्रश्न आहे." शेठनी आम्हा दोघांनाही गप्प केलं.

माप कुणी घ्यायचं हे शेठनी क्षणात ठरवलं. मापारी काका अस्सल सुरती, साठीला आलेले. सगळं आयुष्य फोल्डिंगच्या टेबलावर कापड मोजण्यात गेलेलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या मापाबद्दल एकाही व्यापाऱ्याची तक्रार आली नव्हती. माणसाचं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं, पण शेठच्या मते माणूस काय आणि माल काय, टेप एकच.

जावई गाडीत बसले. ते मिलमधले सर्वांत उंच. गावाकडे त्यांना लग्नात मांडवाच्या दोऱ्या बांधायला बोलावत, स्टूल लागत नसे म्हणून.

"सीधा बैठो," काका म्हणाले.

"सीधाच बसलोय."

"तो इतना लंबा कायको?"

"तेवढंच आहे काका. कापून देऊ का?"

सीटपासून डोक्यापर्यंत अडतीस इंच भरले. मी सांगितलं, वर दोन इंच मोकळे ठेवा, कमान चाळीस धरा. काकांनी मान डोलावली, कानामागची पेन्सिल काढली, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि चिठ्ठी फिटरच्या खिशात गेली. माझ्या वहीत मी लिहिलं: "माप घेतले." किती, ते लिहिलं नाही. माझ्यासारख्यानं हे करावं, याची लाज मला अजून वाटते.

कमान चांगली झाली होती, हे फिटरचं श्रेय मी आधीच देऊन टाकतो. वाफेच्या लाइनीचा जाड पाइप, आत वाळू ठासून, तापवून वाकवलेला. कुठेही चपटलेला नाही. उधन्याला क्रोम करून आणला तेव्हा त्यात शेठचा चेहरा दिसत होता आणि शेठ तो बघत होते. मखमल लागली. नारळ फुटला. वजनाची परीक्षा शेठच्या पद्धतीनं झाली: कमानीवर फळी टाकून ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाचे वीस तागे रचले. कमान हलली नाही. टाळ्या झाल्या. तागे उतरवल्यावर मी बाजूनं खांदा लावून ढकललं तर ती खाटेच्या पायासारखी लचकली. खालचा पत्रा पापडाएवढा होता. टाळ्या थांबल्या. फिटरनी मुकाट्यानं पत्र्याखाली जाड पट्ट्या घातल्या आणि बोल्ट थेट चासीपर्यंत नेले. यात दोन दिवस गेले.

मग मी वाळवणीच्या जागेतून एक सरळ बांबू आणला. एक टोक कमानीवर, दुसरं समोरच्या काचेच्या चौकटीवर. उलटलेली गाडी याच दोन ठिकाणी टेकणार, म्हणजे बांबू ही जमीन. जावयांना म्हटलं, "बसा."

ते बसले. बांबू त्यांच्या कपाळावर आला. डोकं चार बोटं वर.

फिटरनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं: ३७.

"काका, चाळीस सांगितले होते," मी म्हणालो.

"हा. चालीस. घट काढी ने साडत्रीस."

डाइंग मिलमध्ये सगळ्या मापांतून घट काढतात. कापड धुतलं, रंगवलं, तापवलं की आखडतं, म्हणून व्यापाऱ्याला तयार मालाचा आकडा द्यायचा तर आधीच्या मापातून ती वजा करायची. काकांचा हात चाळीस वर्षं हेच करत आला होता. ग्रे माल चाळीस, घट आठ टक्के, तयार माल सदतीसला थोडा कमी. तेवढा अपूर्णांक त्यांनी आमच्यावर कृपा म्हणून वाढवून दिला होता.

"माणसाला घट धरली?" फिटर म्हणाले.

"हूं तो बद्धा माल ने धरूं," काका शांतपणे म्हणाले. सगळ्याच मालाला धरतो.

काकांना एकट्याला दोष देता येत नाही. बांबू लावल्यावर मला माझीही चूक दिसली. कमान मागे उंच, काच पुढे बुटकी, म्हणजे बांबू उतरता येणार. डोक्यावर दोन इंच मोकळे हवेत तर कमान डोक्याच्या बरीच वर जायला हवी. चाळीसची झाली असती तरी पुरली नसती. हे मी त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं. मोठ्यानं सांगायला मात्र आणखी दोन दिवस घेतले.

शेठचा निकाल जागेवरच लागला. क्रोम झालेलं आहे, मखमल लागलेली आहे, कमान बदलायची नाही. "कमान सैंतीस की है. ड्रायव्हर अडतीस का है. तो गलत कौन है?"

"शेठ..."

"अपना टेम्पोवाला छोटा है ना? उसको बिठाओ. रविवार को डुमस जाना है, व्यापारी मंडल के सब लोग आनेवाले हैं. इनको वापस खाते में भेज दो."

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. आमचे जावई पूर्वी रंगखात्यात होते. तिथल्या हायड्रो नावाच्या रसायनाच्या धुरानं त्यांची छाती भरली. दोन पावसाळे त्यांनी भिंतीला टेकून बसून काढले, आडवं होता येत नसे. डॉक्टरनी खातं सोडायला सांगितलं तेव्हा मीच शेठच्या पाया पडून त्यांना ड्रायव्हर करून घेतलं होतं. परत खात्यात म्हणजे परत त्या धुरात. आणि तिथे त्यांना माझं नववं कलम नेऊन सोडत होतं.

संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो. तिनं कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला आणि समोर बसली. जावई दाराशी पाय लांब करून बसले होते. घरात आम्ही अहिराणी बोलतो. तिखट बोलायला ती बरी पडते.

"दादा, तुमनी यादीमा मनी नोकरी कोठे शे?" जावयांनी विचारलं.

"पाव्हणं, डोकं राहिलं तर नोकरी."

"डोकं तर तीस वरीसपासून शे. कोनी मोजं नव्हतं."

बहीण म्हणाली, "टेम्पोवाल्याला बसवा म्हणे. त्याला बायको नाही का?" हे ती मराठीत म्हणाली, म्हणजे मला ऐकवायचं होतं. मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू काय, मान वाकाडीसन चालाव ना. मनासमोर तं कधी वाकाडी नही."

"वाकाडी असती तं तुनं काय व्हतं?"

"मंग आज वाकी वाकी मनी कमर धरी राहती का?"

ते हसले. हसताना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. बहिणीनं पाणी दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, धुरात नाही जायचं त्यांनी. आणि गाडीखालीपण नाही. तू लिहून घे पाहिजे तर." मी खरंच लिहून घेतलं. कलम पंधरा, पोटकलम अ आणि ब.

शनिवारी सकाळी शेठनी मला बोलावलं. गाडी धुऊन उभी होती. टेम्पोवाला नव्या टोपीत शेजारी उभा होता, पाय जमिनीला नीट लागत नसल्यासारखा. त्याच्याकडे मी फार बघितलं नाही. त्याचा यात काही दोष नव्हता.

"भाऊ, खूण करो," शेठ म्हणाले. स्वतःचाच नियम ते मोडत नसत, एवढं त्यांच्याबद्दल म्हणायला हवं.

"दोन्ही सीट तपासल्याशिवाय खूण होत नाही शेठ. तुम्ही बसा."

"मेरा क्या देखना है? मैं तो तुम्हारे कंधे तक आता हूँ."

ते बसले. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की डाव्या सीटवर नवी गादी आहे. चार इंची फोम, वर मरून मखमल, कमानीला जुळणारी. गाडी इतकी खाली होती की आठवड्यापूर्वी पर्वत पाटियाच्या पेट्रोल पंपावर व्यापाऱ्यांना शेठ दिसलेच नव्हते, नुसता ड्रायव्हर दिसला होता. त्यानंतर ही गादी शिवली गेली.

मी बांबू ठेवला. तो शेठच्या भुवयांवर टेकला.

शेठनी डोळे वर करून बांबूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कुणाला न विचारता गादीवरून थोडे खाली सरकले. बांबू तिथेच होता, पण आता त्यांना बॉनेट दिसत नव्हतं.

"गादी निकालें?" ते हळूच म्हणाले.

"काढा. मग पेट्रोल पंपावर पुन्हा..."

"हां हां."

मी सुचवायचं ते सुचवलं. कमानीला हात लावायचा नाही, क्रोमला ओरखडा नको. दोन्ही पायांखाली आठ इंची लोखंडी ठोकळे घालायचे, बोल्ट लांब करायचे. दिसायला वाईट दिसू नये म्हणून ठोकळ्यांनाही मखमल. मागे दोन तिरके टेकू. आठ इंच का, हे विचारल्यावर मी माझी चूकही सांगितली. शेठ म्हणाले, "मतलब तुम भी गलत थे?" मी म्हणालो, "हो." त्यांना एवढा आनंद गेल्या महिन्यात दुसऱ्या कशानं झाला नव्हता. त्या आनंदात त्यांनी ठोकळे मंजूर केले.

"और आठ इंच हो गया," मी त्यांच्याच भाषेत म्हणालो, "तो अडतीस का ड्रायव्हर भी बैठ सकता है."

शेठनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. टेम्पोवाल्यानं टोपी काढून घडी केली. सुटल्यासारखा दिसला. त्या गाडीची त्यालाही भीती वाटत होती, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

फिटर आणि मी दुपारभर राबलो. माप या वेळी मी घेतलं. काका शेजारी उभे राहून प्रत्येक आकड्याला सवयीनं पुटपुटत होते, मी दर वेळी "काका, घट नाही" म्हणत होतो. पाच वाजता बांबू ठेवला. जावयांच्या डोक्याच्या आणि बांबूच्या मध्ये तीन बोटं सरळ जात होती. फिटरनी खांदा लावला, मी लावला, शेवटी शेठनीही लावून पाहिला. कमान हलली नाही.

खूण करायला वही उघडली तेव्हा मला पट्टे आठवले. कमान डोक्यासाठी पोकळी ठेवते, पण माणूस त्या पोकळीत राहायला तर हवा. उलटताना तो उडून बाहेर पडला तर कमानीखाली गाडी सुरक्षित राहणार, बस्स. सीटला बांधायचे पट्टे नसतील तर आम्ही केलेल्या कामातलं निम्मं बाकीच होतं. मी तसं सांगितलं.

"पट्टा?" शेठ म्हणाले. त्यांचा पांढरा झब्बा इस्त्री होऊन आला होता. "भाऊ, पट्टा लगाऊँगा तो सलवटें पडेंगी."

"मग निदान ड्रायव्हरला."

"ड्रायव्हर पट्टा लगाएगा और मैं नहीं, तो लोग क्या सोचेंगे? कि ये आदमी कुछ जानता है."

जावई माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "दादा, करी टाका. आस्ते चालाडसू." मी त्यांच्या छातीकडे पाहिलं, मग वहीकडे. आज खूण केली नाही तर उद्या गाडी जाणार नाही. गाडी गेली नाही तर सोमवारी शेठना पुन्हा कुणीतरी चुकीचा सापडायला हवा. आणि त्यांना सापडेल तो अडतीस इंचांचा असेल.

मी खूण केली. तिच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं: "पट्टे बाकी." नोकरीत मी अर्धवट कामाला पूर्ण खूण दिल्याचा हा एकच प्रसंग आहे.

डुमसची सहल झाली. गाडी उलटली नाही. शेठनी परतताना कमानीवर हात ठेवून फोटो काढून घेतला. मंडळातल्या दोघांनी ठोकळ्यांची चौकशी केली तेव्हा शेठनी ती परदेशी पद्धत असल्याचं सांगितलं. बहिणीला मी त्या रात्री जाऊन सांगितलं की धुराचं काम सुटलं आणि गाडीचंही सगळं झालं. तिनं विचारलं, सगळं? मी म्हणालो, सगळं.

त्याला आता तीन वर्षं झाली. जावई अजूनही दर रविवारी तीच गाडी चालवतात. छाती बरी आहे. दोन पट्टे मी सहा महिन्यांतच भंगारबाजारातून शोधून आणले. बकलं घट्ट लागतात, ओढून पाहिलेत. सीटखालच्या पत्र्यात चार भोकं पाडून खाली लोखंडी पट्ट्या घालायला फिटर तयार आहेत, अर्ध्या दिवसाचं काम. शेठ दर दिवाळीला "दिवाली के बाद" म्हणतात आणि मी वहीत तारीख पुढे ढकलतो. बहीण अधूनमधून त्या गाडीबद्दल विचारते. मी विषय भाकरीवर नेतो.

बाकी: पट्टे, दोन. बोल्ट, चार. वॉशर, आठ. सामान स्टोअरच्या तिसऱ्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. ड्रायव्हरच्या बाजूचा आधी बसवायचा, शेठना न विचारता, एखाद्या गुरुवारी, ते मार्केटला गेले की.